पत्र्यातला देवमन

(अकोला, १९६१. मे महिन्यातली दुपार. ललिताची एका खोलीची भाड्याची जागा. तिचा धाकटा भाऊ देवमन ऊन लागल्याने भिंतीकडच्या खाटेवर पडून आहे. तिचा तान्हा सुगत झोळीत झोपला आहे. ललिताची कॉलेजातली मैत्रीण रुख्मिणी आपल्या तान्ह्या कुमुदला मांडीवर घेऊन सतरंजीवर बसली आहे.)

रुख्मिणी : आणि शेवटी ते गावातले लोक पलिते घेऊन येतात ना, ललिता, तेव्हा तो लोखंडी माणूस पळत नाही, हात उचलत नाही. का, तर ती बिन-आईची पोरगी त्याच्या पाठीशी उभी असते. आपण हललो तर तिला लागेल, म्हणून नुसता उभा राहतो आणि मोडून घेतो स्वतःला.

ललिता : मी पाहिला आहे पिक्चर. कालच. तुझ्याच खेळाला होते.

रुख्मिणी : अगं, पण खालून काय दिसतं तुला? आम्ही बॉक्समध्ये होतो. त्याच्या डोळ्यातून तेलाचा थेंब ओघळतो, तो अगदी आमच्या पुढ्यात. सासूबाई पदराचा बोळा तोंडात घालून रडल्या. आणि टाकीजचे मुनीमजी भोंग्यावर मराठीतून सांगत होते ना, त्यांचाच आवाज बसला. सुरुवातीला काय ऐट, ‘प्रेक्षकहो, हे यंत्र आहे, यास माया नाही, ममता नाही.’ शेवटी काही सांगेचनात. भोंग्यातून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत होतं. अख्खी टाकीज त्या नाकावर रडली.

ललिता : इंग्रजीचं एक अक्षर न कळता.

रुख्मिणी : त्यात कळायचं काय? लोखंडाला जीव फुटला, आणि माणसांनी तो ठेचला. इतके निर्दयी लोक असतात का गं कुठे?

ललिता : देवा, दुसरा पाय इकडं कर.

देवमन : राहू दे ना ताई. कांदा घासू घासू साऱ्या खोलीले वास येऊन राहिला. पाहुण्या आल्या घरी अन् तू मले भाजीसारखं फोडणी देऊन राहिली.

ललिता : तू बोलू नको. रात्रभर भट्टीसारखं अंग होतं तुझं. सुगत शेजारी रडून रडून निळा पडला, तरी तुले पत्ता नव्हता. रुख्मिणी, कुमुदच्या मानेला काय झालंय? मघापासून खाजवते आहे.

रुख्मिणी : घामोळं गं. या अकोल्याच्या उन्हात मोठ्यांचं अंग सोलवटतं, पोराचं काय. कसं वाटतं रे आता, देवमन?

देवमन : बरं हाय, बाई. डोकं जडशीळ हाय थोडं. बाकी काई नाई.

रुख्मिणी : मामांनी मुद्दाम पाठवलं मला. म्हणाले, ललिता तुझी अमरावतीची मैत्रीण, तर तूच जाऊन विचार.

ललिता : टाकीजचे मालक आमची विचारपूस करायला भाचेसून पाठवतात. पुढे बोल.

रुख्मिणी : अगं, असं काय तोडून बोलतेस. प्रकृतीचं विचारायचं होतंच. शिवाय असं आहे, की पिक्चर दुसऱ्या आठवड्यात चालला. मामांच्या टाकीजला इंग्रजी पिक्चर कधी शनिवार बघत नाही. आणि हा दुसऱ्या आठवड्यात. तेल्हाऱ्याहून मोटारी भरून लोक येतात. मुनीमजी म्हणाले, पडद्यावरच्यापेक्षा दारात पत्रा घालून फिरणाऱ्या आपल्या लोखंडी माणसाचीच चर्चा जास्त आहे. देवमन कसा चालतो, कसा थांबतो, मान कशी वळवतो. एक शिंपीदादा बसवून पाहिला आज सकाळी त्या पत्र्यात. तो नुसता चालतो गं. माणसासारखा.

देवमन : त्याले रेचा नाई मालूम. मी कापसाच्या जिनात रेच्यावर, सरकी काढाच्या मशिनीवर हाय ना, बाई, सहा महिने तेच पाहतो. रेचा धावत नाई. दम खाते, थांबते, मंग पुढं सरकते. तसंच चालाचं.

ललिता : तुले कोणी विचारलं? पड गुमान. म्हणजे, रुख्मिणी, तू याला परत त्या डबड्यात घालायला आली आहेस.

रुख्मिणी : अशा भाषेत नको ना बोलू. जीन बंद आहे, दिवाळीपर्यंत त्याला तरी दुसरं काय आहे? आणि किती मान मिळाला त्याला तिथे. बायांनी ओवाळलं, नारळ फोडले. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ललिता : मीही पाहिलं. त्या छातीच्या पत्र्यावर कुंकू आणि नारळाचं पाणी थापून थापून चिकट लगदा झाला होता. माश्या घोंघावत होत्या. हा हात हलवून हाकलू शकत नव्हता, कारण यंत्राला माशी चावत नाही. मान म्हणे.

देवमन : चावत नव्हत्या, ताई. गुदगुल्या होत.

रुख्मिणी : लोकांची श्रद्धा असते गं. पाळण्याखाली आपण विळा ठेवतोच ना? लोखंड असलं की बाळाला बाधत नाही. मग लोखंडाच्या हातात दोन घटका पोर दिलं तर बिघडलं काय? ताजियाखालून पोरं काढतातच की सगळ्या जातीच्या बायका.

ललिता : बी.ए.ला तू लॉजिक घेतलं होतंस.

रुख्मिणी : लॉजिक परीक्षेपुरतं. तुला दिवसाढवळ्या धडधडत नाही का पोराच्या काळजीने? सुगतला जरा शिंक आली तर कंदील घेऊन छाती बघतेस त्याची, मला माहीत नाही का? कुमुद रात्री दचकून उठते. कोणी म्हणालं लोखंडी माणसाच्या हातात दे, भीती जाईल, तर दिली. आई आहे मी.

ललिता : दिलीस. घेतलीस कशी, ते सांग.

रुख्मिणी : म्हणजे?

ललिता : काल. खेळ सुटल्यावर. सांग ना याच्यासमोर. याला तेव्हा शुद्ध नव्हती.

रुख्मिणी : अगं, गर्दी केवढी. मला तर काही नीट दिसलंच नाही. कोणीतरी ओरडलं, चक्कर आली, चक्कर आली. मी कुमुदला उचललं आणि बाजूला झाले. लेकरू चेंगरायचं.

ललिता : मी पोस्टरच्या फळीपाशी उभी होते, रुख्मिणी. सुगत खांद्यावर झोपला होता. तुझे डोळे रडून सुजलेले होते, आणि तू हसत हसत कुमुदला याच्या हातात दिलीस. याचे गुडघे लटपटले, ते मला लांबून दिसलं. पडला असता तर पोरीवर पडला असता. पडला नाही. खाली बसत गेला, हळूहळू, हात वर धरून. पत्र्याची कड दंडात रुतत गेली तरी हात वरच. मग गेटवरच्या मेहबूबभाईने पत्र्याचं डोकं खेचून काढलं. आत ओकला होता तो. गळ्यापर्यंत.

देवमन : सकाळी पोहे खाल्ले होते. चूक माहीच.

ललिता : आणि मग कोणीतरी म्हणालं, ‘अरे, हा तं जिनातला देवमन. हा तं त्यायच्यातला.’

रुख्मिणी : मी नाही म्हणाले ते.

ललिता : तू काहीच म्हणाली नाहीस. तू पोर उचललीस. अशी, दोन बोटांनी झबल्याला धरून, जशी गटारात पडलेली वस्तू उचलतात. आणि मागे सरकलीस. सगळ्याच सरकल्या. केवढं मोठं वर्तुळ झालं. मघा पलितेवाले निर्दयी म्हणालीस ना, त्यांनी निदान हात तरी लावले होते त्याला.

रुख्मिणी : मी घाबरले होते, ललिता.

ललिता : पाणी कोणी दिलं माहीत आहे? मेहबूबभाईने, स्वतःच्या सुरईतलं. समोर रसवंतीवाला उभा होता, नळ होता, तुझ्या मामांच्या हापिसात माठ होता. मी गर्दीतून वाट काढून येईपर्यंत हा तिथे फरशीवर, तोंडाला माश्या लागलेल्या.

रुख्मिणी : मी तर तुझ्याकडचं पाणी पिते. कॉलेजातसुद्धा तुझ्या डब्यातलं खाल्लं आहे. सासरी बोलणी खाते त्यापायी. माझ्याबद्दल असं तुला बोलवतं तरी कसं?

ललिता : प्यायलेल्या पाण्याची अशी आठवण करून देतेस, म्हणजे प्रत्येक घोट लक्षात ठेवला आहेस. घरी गेल्यावर काय झालं?

रुख्मिणी : काय होणार?

ललिता : कुमुदला आंघोळ घातली?

रुख्मिणी : सासूबाई जुन्या वळणाच्या. त्यांना किती समजावणार मी? त्या म्हणाल्या, उंबऱ्याच्या आत आणायच्या आधी डोक्यावरून पाणी घाल.

ललिता : ओतलं कोणी?

रुख्मिणी : सासूबाई तिथेच उभ्या होत्या ना.

ललिता : तांब्या कोणाच्या हातात होता?

रुख्मिणी : माझ्या.

ललिता : डोक्यावरून? टाळू भरली नाही अजून तिची. विहिरीचं पाणी होतं का? ऊन लागलेल्या लेकराच्या डोक्यावर गार पाणी? कान तरी पुसलेस का नंतर?

रुख्मिणी : पुसले. पदराने.

ललिता : बघू. इकडे कर तिला जरा. कान लाल तर नाही ना. ठीक आहे. रात्री शेकलंस तर बरं.

रुख्मिणी : बघ, तुझा जीव आहे तिच्यावर. म्हणून तर मी आले. माझ्या मनात काही नाही गं, तू ओळखतेस मला.

ललिता : ओळखते. त्याचीच शिसारी आली आहे मला. सासूबाईंची येत नाही. त्या उघड आहेत. आम्ही छप्पन साली सगळं टाकून बुद्धाला शरण गेलो, ते त्यांच्या बादलीला कळलं नाही, समजू शकते. पण तू दोन तास एका डब्याला जीव आहे म्हणून हुंदके दिलेस, आणि बाहेर येऊन डब्यातल्या जिवाचा स्पर्श धुऊन टाकलास.

देवमन : ताई, बस झालं. पाहुण्या हायत.

रुख्मिणी : बोलू दे तिला. तिचं चुकत नाही. पण पुढचं बघायला नको का? मामांनीही मनावर घेतलं आहे. तो पत्रा घासूनपुसून घेतला, आत बारदान लावलं मऊ, म्हणजे कड रुतणार नाही. वरून गोमूत्र शिंपडलं.

ललिता : काय?

रुख्मिणी : म्हणजे बायका परत पोरं देतील म्हणून. लोकांना सांगायचं, तो जुना माणूस काढून टाकला, आता मुंबईहून खरं यंत्र आणलं, आत कोणीच नाही.

ललिता : पत्रा शुद्ध करून घेतला. आणि त्यात परत ह्यालाच घालायचं.

रुख्मिणी : दुसऱ्या कोणाला ते चालणं जमतच नाही ना. फक्त एक बदल आहे. डोकं आता बाहेरून निघणार नाही, असं नट-बोल्टांनी आवळायचं. खेळ सुटला, गर्दी पांगली, की मागच्या खोलीत मुनीमजी पान्याने उघडतील.

ललिता : आणि आत ओकला तर? भोवळ आली तर?

रुख्मिणी : सकाळी काही न खाता यायचं. बारदानावर पाणी मारून ठेवायचं. मामांनी सगळा विचार केला आहे.

ललिता : ऊठ, रुख्मिणी.

देवमन : मी येतो म्हनून सांगा त्याईले.

ललिता : काय म्हणाला?

देवमन : मले जायाचं हाय, ताई.

ललिता : काहून? काय कमी केलं तुले इथं? तुझे भाऊजी तेल्हाऱ्याच्या शाळेत मास्तर आहेत, शनिवारी येतात तर तुझ्यासाठी गूळ आणतात. पडून राहा ना दिवाळीपर्यंत. कोणी हिशोब मागितला का?

देवमन : खाण्यापिण्याचं नाई व. तुले नाई समजाचं. तू शिकेल हाय. तुह्यासंगं बाया बसतात, बोलतात. मी जिनात जातो तं मुकादम लांबून चिठ्ठी फेकते. त्या टिनात असलो का, कोणी मले देवमन म्हनत नाई. पयल्या दिवशी एक बाई आली, म्हने, ‘बाप्पा, माह्या लेकराले सांभाळजो.’ अन् येवढुसं पोट्टं माह्या हातावर ठेवलं. ते मुतलं तं टिनातून माह्या मनगटावर आलं. उन्हात काय गार वाटलं मले. मंग लाइनच लागली. साऱ्या अकोल्याची लेकरं माह्या हातावर. काई रडत, काई टिनाचं नाक धरत. ह्या बाईची पोट्टी तं हसे.

रुख्मिणी : हो, हसत होती खरी. घरी कोणाकडे जात नाही आणि तिथे हसली.

ललिता : सुगत रोज तुझ्याच मांडीवर झोपते ना, देवा.

देवमन : सुगत आपला हाय.

ललिता : बोलू नको पुढं. मले सहन होणार नाही.

देवमन : ते पिक्चर मी रोज पायलं, ताई. चाल शिकाची म्हनून मुनीमानं मले समोरच्या बाकावर बसवलं, पडद्याच्या पायापाशी. तिथून सारं मोठं दिसते. त्या लोखंडी मानसाच्या मानेजवय फट हाय. तिथून सदरा दिसते. घामानं वला.

रुख्मिणी : सदरा? कसला सदरा?

देवमन : त्याच्या आंगातला. त्यातबी मानूसच हाय, बाई. लोक त्याले पाडतात ना, तवा पाहा त्याचे हात. पडताना पुढं टेकवते. लोखंड असतं तं कायले टेकवलं असतं? धाडकन पडलं असतं.

रुख्मिणी : आत माणूस होता? मग तो तेलाचा थेंब?

देवमन : ते तेल अशीन. पन मांगं डोया त्याचाच.

रुख्मिणी : उगीच सांगितलंस रे. मला खरंच वाटलं होतं की नुसतं यंत्र आहे, आणि त्याला रडू फुटलं. आता माणूसच म्हटल्यावर त्यात काय राहिलं.

ललिता : ऐकलंस, देवा? नीट ऐक, काय म्हणाली ती.

देवमन : ऐकलं. तुले एक विचारू, ताई? पिक्चर सुरू होते तवा साऱ्यायची नावं येतात. तुले इंग्रजी वाचता येते. त्या टिनातल्या मानसाचं नाव आलं होतं का?

ललिता : नाही. मी पाहत होते. नायिकेचं आलं, शास्त्रज्ञाचं आलं, पोरीचं आलं. लोखंडी माणसासमोर काही नव्हतं.

देवमन : मले वाटलंच.

रुख्मिणी : मग मामांना काय सांगू? येतो म्हणालास ना आत्ता? परवापासून यायचं. भोंग्याचा टांगासुद्धा ठरला आहे जाहिरातीला.

देवमन : येतो. पन एक काम करा, बाई. पोट्टी एकडाव माह्याजवय द्या.

रुख्मिणी : कुमुद?

देवमन : आत्ता. इथंच. टिनात मले तिचं आंग समजलंच नाई, बोटं पत्र्याची होती. जरासी द्या. उठून बसतो मी, भिंतीले टेकून. पडाचो नाई. हात सकाळीच धुतले, साबनानं.

ललिता : देवा.

देवमन : तू नोको बोलू, ताई. त्या घाबरतीन.

रुख्मिणी : देते की. त्यात एवढं काय मागायचं? मी काय नाही म्हणणार आहे? ये गं कुमुद, मामाकडे जायचं? थांब, तिचं झबलं सारखं करते. जरा ते दार लोटून घेऊ दे फक्त.

ललिता : दार कशाला?

रुख्मिणी : तसं नाही गं. समोर माणिकबाई ओट्यावर गहू निवडत बसली आहे. तिची नजर सारखी इकडेच. ती आमच्या सासूबाईंच्या भजनातली. संध्याकाळच्या आत आमच्या ओसरीवर बातमी जाईल, आणि मग परत त्या लेकराच्या डोक्यावर पाणी. तूच म्हणालीस ना, टाळू भरली नाही म्हणून. तिच्यासाठीच म्हणते मी. लोटू ना, देवमन? एवढीशी फट ठेवते.

देवमन : राहू द्या, बाई. दार उघडंच राहू द्या. गरमी हाय.

रुख्मिणी : अरे, पण मी देते म्हणाले ना. हे बघ, घे.

देवमन : नाई. राहू द्या तिले मांडीवर. चांगली बसली हाय. तुमच्या मामाले, उत्तमरावाले सांगा, देवमनचं आंग सुजलं, टिन होत नाई आता. त्या शिंप्यालेच शिकवा म्हना. रेचा पाहायले घेऊन जा म्हना त्याले, जीन सुरू झालं का.

रुख्मिणी : ललिता, तू तरी सांग ना त्याला. मामा मला काय म्हणतील? मी शब्द देऊन आले.

ललिता : पाणी पी, देवा. बसलाच आहेस उठून तर. हळू, घोट घोट.

रुख्मिणी : तुम्ही दोघंही माझ्याशी असं वागताय, जसं मीच ते सगळं केलं. मी येते. टांगा मिळतो का चौकात बघते. चल गं, कुमुद.

ललिता : बस. ऊन उतरल्यावर जा. पोरीसाठी म्हणते आहे.